भोंग्यातून दिलेला शब्द

नंदुरबारात दोन वर्षं लोक मला "रेडिओवाला मास्तर" म्हणत होते. मी मास्तर नव्हतो आणि रेडिओवर एकदाही बोललो नाही. रेडिओ बोलायचा मुंबईहून. मी बोलायचो वाचनालयाच्या ओट्यावर उभा राहून, पत्र्याच्या भोंग्यातून. हा फरक मला कळत होता. बाजाराला येणाऱ्या निम्म्या माणसांना तो कळत नव्हता, आणि त्यांना कळावा म्हणून मी काहीही केलं नाही. उलट मला ते आवडायचं. पुढचं सगळं यातूनच झालं, म्हणून आधी हे लिहून टाकतो.

लढाई भरात होती. तिची बाजू खेड्यापाड्यांना पटावी म्हणून वरून एक बॅटरीवरचा रेडिओ आमच्या गावाला मिळाला. लाकडी पेटी, पुढं जाळी, आणि काट्यावर कुलूप. कुलूप कशाला, तर कुणी काटा फिरवून दुश्मनाचं स्टेशन लावू नये. बॅटरी उतरली की हातगाडीवर घालून कापसाच्या जिनिंग कारखान्यात न्यायची आणि तिथल्या इंजिनावर भरून आणायची. एवढा थाट करून पेटी बोलायला लागली, तर ती काय बोलते ते कुणाला कळेना! "मित्रराष्ट्रांच्या फौजांनी निर्णायक आगेकूच केली" ही शाळाखात्याची मराठी. आमचा शेतकरी घरी अहिराणी बोलतो, सातपुड्यातून उतरलेला माणूस भिली नाहीतर पावरी बोलतो. तो पेटीसमोर थोडा वेळ बसायचा आणि शेजाऱ्याला विचारायचा, "काय म्हनस हाई?"

"काय माहीत. कोनी तरी मरी गया म्हनस."

मग दोघंही उठून मिरचीच्या ढिगांकडे जायचे.

कचेरीत प्रचाराचं काम बघणारे एक अव्वल कारकून होते. त्यांनी डोकं चालवलं. बातम्या ऐकून तिथल्या तिथं अहिराणीत सांगणारा माणूस नेमायचा. आणि नेमला कुणाला, तर मला. मी तेव्हा विशीत होतो, मॅट्रिक नापास, आणि माझं काम पत्रकं लिहिण्याचं. धान्याच्या वसुलीविरुद्ध, रॉकेलच्या काळ्या बाजाराविरुद्ध, जंगलच्या शिपायांविरुद्ध. ओळखीच्या छापखान्यात छापून घ्यायचं आणि गाडी हलली की डब्यात फेकायचं. दोनदा ताकीद मिळाली होती. अव्वल कारकुनांना हे सगळं पाठ होतं. मला समोर उभं करून ते म्हणाले, "गळा चांगला आहे तुझा. तो आमच्याकडे राहिला तर आमची एक डोकेदुखी कमी."

इतकं उघड बोलले! आणि मी हो म्हटलं. माझ्या सोबत्यांनी ओट्याखाली उभं राहून तोंडावर "सरकारी पोपट" म्हटलं. मी त्यांना म्हटलं, आत शिरून मी यांचीच कशी जिरवतो ते बघा. मला ते खरंच वाटत होतं.

संध्याकाळी बातम्या लागायच्या. मी पेटीला कान लावून पाटीवर खडूनं मुद्दे टिपायचो. मग बाहेर येऊन भोंगा तोंडाला. तो भोंगा म्हणजे रॉकेलचा डबा कापून पत्रेवाल्याकडून डाग देऊन घेतलेलं नळकांडं. दुपारभर मिरची उधळलेली असायची, त्यामुळे पहिली पाच मिनिटं सगळा जमाव खोकायचा आणि त्यात मीही. मग शांत झालं की कोरीटचे एक आबा सगळ्यांत पुढं येऊन मांडी घालायचे. मिरचीची गाडी खाली केली की त्यांना दुसरं काम नसायचं. आमच्याकडे कुणी गोष्ट सांगायला बसला की एकानं हुंकार द्यायचा असतो. प्रत्येक वाक्याला "हं", "बरं", "मंग?" असं म्हणत जायचं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, कारण कुणी ऐकतंय की नाही हे त्याला कळत नाही. माझा हुंकार म्हणजे आबा. साऱ्या युरोपातली लढाई मी आबांच्या "मंग?" वर पुढं सरकवली आहे.

बातम्या संपल्या की सवाल. माणसं त्यासाठीच यायची. सुरतेची गाडी का उशिरा येते, कापसाचं काय, पाऊस कधी. पेटीला जे विचारायचं ते मला विचारायचे.

"मास्तर, जपान आठेथून कितला लांब शे?" आबांनीच एकदा विचारलं.

"लई लांब शे, आबा."

"धुळापरीस?"

"धुळाना बी पलीकडे."

"मंग आमनं रॉकेल काय तो तठेथून पी ऱ्हायना का?"

हशा! मी भोंगा किराणा दुकानांच्या रांगेकडे वळवला आणि सांगितलं, "रॉकेल जपान नही पेस, आबा. पिनारा आठेच गादीवर बठेल शे." रांगेतल्या दोन दुकानांच्या फळ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता नोकरी गेली. अव्वल कारकून नुसते हसले. गर्दी दुप्पट झाली होती ना! त्यांना गर्दी हवी होती. गर्दी बसलेली असली की तिला मग काहीही ऐकवता येतं. मी समजत होतो, सरकारच्या ओट्यावरून मी सरकारला ठोकतोय. ते समजत होते, पोरगं माणसं जमवतंय. त्यांचंच बरोबर होतं.

त्या वर्षीच्या थंडीत अव्वल कारकुनांनी मला भोंग्यासकट सारंगखेड्याच्या यात्रेत नेलं. पेटी बैलगाडीत, बॅटरी बैलगाडीत, मी बैलगाडीत. तापीच्या काठावर घोड्यांच्या रांगा आणि मधे आमची गाडी. भोंगा वाजला की घोडी बिथरायची आणि व्यापारी माझ्या सात पिढ्या काढायचे. "ए भोंग्या, आमना घोडा पळी गया तर तुले जुंपसू!" यात्रेला पहाडातली माणसंही उतरलेली. आणि गाडीच्या चाकाला टेकून, पान चघळत, एक ठेकेदार उभा. अव्वल कारकुनांनी ओळख करून दिली, "यांना लष्कराच्या कामाला माणसं हवीत. हा कागद वाच."

कागदावर चार ओळी होत्या. लष्करी बांधकामासाठी मजूर पाहिजेत. जेवण मिळेल. काम संपेपर्यंत राहावं लागेल. ठिकाण गुप्त. एवढंच. मी ते अहिराणीत सांगितलं. कुणी हललं नाही. माणूस तुमच्याबरोबर येणार, आणि कुठं येणार ते तुम्ही सांगणार नाही! कोण हलेल?

मग पहाडातला एक म्हातारा पुढं आला. डोक्याला फडकं, हातात काठी, मागं त्याच्या गावची आठ-दहा तरणी माणसं. त्यांच्यात त्याचा मुलगाही होता. बाजारापुरती अहिराणी त्याला येत होती. घरी कधी, एवढं एकच त्यानं विचारलं, "कव्हय घर?"

मी ठेकेदाराकडे पाहिलं. तो पान गालात सारून हळूच म्हणाला, "होळीच्या आत म्हण की. तीन महिन्यांचं तर काम."

पहाडात होळी म्हणजे काय हे मला माहीत होतं. गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असो की जंगलात कोळसा पाडायला, होळीला माणूस घरी असतोच. होळी म्हटल्याशिवाय एक जण निघणार नव्हता, आणि होळी म्हटली की निघणार होते. कागदावर होळी नव्हती. मी कागद वाचला होता, लिहिता-वाचता होतो, "काम संपेपर्यंत" याचा अर्थ मला चांगला कळत होता. पण समोर एवढी माणसं गप्प उभी, सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी मला राहवत नसे. माणसं गप्प राहिली की माझा जीव घाबरा व्हायचा. मी भोंगा उचलला.

"होळीना आधी घर!"

"तू सांगस?" म्हातारा म्हणाला.

"हो, मी सांगस."

म्हातारा गाडीवर चढला. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं मला त्याच्या माणसांकडे वळवलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला वाटलं, आपलं बोलणं त्याला आवडलं. मी छाती पुढं काढून उभा राहिलो. म्हाताऱ्याच्या गावात कागद चालत नाही. दोन अनोळखी माणसांत जो मधे उभा राहून शब्द टाकतो, त्याला सगळ्यांसमोर असं उभं करतात, आणि तो शब्द मग त्याचा. सरकारचा नाही, ठेकेदाराचा नाही. हे मला नंतर कळलं. तिथं उभ्या असलेल्या कारकुनांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तरी ते बोलले नसते.

नऊ माणसं निघाली. दोन दिवसांनी ठेकेदार त्यांना घेऊन नंदुरबारहून गाडीत बसला.

होळी झाली. पहाडात ढोल वाजले ते बाजाराला आलेल्यांनी सांगितलं. मला त्या नऊ जणांची आठवणही नव्हती. हे लिहिताना हात आखडतो, पण खोटं कशाला लिहू? मी रोजच्या बातम्यांत, सवालांत, हशांत होतो. कोणीतरी माझ्यावर गाणं जुळवलं होतं ते ऐकत होतो.

होळीनंतरच्या पहिल्या बाजाराला ओट्याच्या पायऱ्यांवर तो म्हातारा बसलेला. बरोबर एक तरणी बाई, कडेवर मूल, आणि आणखी पाच-सहा जण. मी हसून विचारलं, "काय बाबा, कसा काय?"

"होळी व्हई गई," म्हातारा म्हणाला.

मला अजूनही लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "हो ना. चांगली व्हयनी का?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्या क्षणी सगळं आठवलं.

"नऊ जन गयात. एक बी नही ऊना. तू सांगेल व्हतं."

मी म्हटलं, ठेकेदाराला विचारतो. म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू ते त्याला ऐकायचंच नव्हतं. त्यानं ठेकेदाराचं नाव घेतलं नाही, कचेरीचं घेतलं नाही. ते सगळे पायऱ्यांवर बसले. संध्याकाळी मी बोलायला उभा राहिलो तेव्हाही बसलेले. ओरडणं नाही, सवाल नाही. दुसऱ्या बाजाराला पुन्हा आले. आपली भाकर आणायचे, खायचे, बसायचे. माणसं त्यांना वळसा घालून ओट्याजवळ यायची आणि मला विचारायची, "मास्तर, या कोन शेत?" मी सांगायचो, "येल शेत पहाडमाईन." आबांनी एकदा रोखून विचारलं, "कशासाठे येल शेत?" मी उत्तर दिलं नाही. सगळ्या जगाच्या सवालांना जवाब देणारा मी!

ठेकेदाराकडे गेलो. तो झोपाळ्यावर बसलेला. मी म्हटलं, "शेठ, ती नऊ माणसं कुठं आहेत?"

"कामावर असतील की."

"तुम्ही होळीच्या आत म्हणाला होतात."

"मी?" झोपाळा थांबवून तो हसला. "मी कधी बोललो? सारी यात्रा साक्षीला आहे, होळी तू म्हणालास. भोंग्यातून. घोडीसुद्धा बिथरली होती." आणि झोपाळा पुन्हा सुरू.

त्याला मी काय मारणार होतो? खरं बोलत होता तो! असला राग मला त्याआधी कधी आला नव्हता. शत्रू खोटा बोलला की पत्रक लिहिता येतं. तो खरं बोलून हसला की काय लिहिणार?

अव्वल कारकुनांकडे गेलो. ते म्हणाले, "ठिकाण गुप्त आहे. मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं." मग पायऱ्यांवरच्या माणसांचं विचारलं, कारण वर कुणीतरी तक्रार केली होती. प्रचाराच्या ओट्यावर उपाशी चेहरे बसलेले बरे दिसत नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून टाइप केलेला कागद दिला. पहाडातल्या शूर मजुरांनी लढाईच्या कामी राजीखुशीनं मुदत वाढवून घेतली आहे, ते सर्व सुखरूप आहेत.

"हे कुणी कळवलं?" मी विचारलं.

"कुणी कशाला कळवायला पाहिजे? तू सांगितलंस की ते उठून जातील. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

नोकरी पोटाची होती हे खरंच, पण मला ओटा सोडवत नव्हता. गर्दीसमोर उभं राहायची मला चटक लागली होती. हे मी आज सांगतो, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

बाजाराच्या दिवशी मी कागद घेऊन उभा राहिलो. पायऱ्यांवर म्हातारा, त्याची सून, पोर, सगळे. समोर आबा. मी सुरुवात केली, "पहाडमाईन कामले गयेल जे माणसं शेत..." आणि थांबलो. आबांचा हुंकार आला नव्हता. पुढं म्हटलं, "त्या समदा सुखमा शेत." आबा गप्प. ते पायऱ्यांवरच्या बाईकडे बघत होते. ती भोंग्याकडे तोंड वर करून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं होतं. तिला "सुखमा" एवढं कळलं होतं. तिनं कडेवरच्या पोराला काहीतरी सांगितलं.

ते हसू मला सहन झालं नाही. मी भोंगा खाली ठेवला आणि तोंडानंच बोललो.

"हाई खोटं शे. त्या कोठे शेत, माले माहीत नही. कोन्हालेच माहीत नही. होळीनं यात्राना कागदवर नव्हतं. मी मन्हा मनथून सांगेल व्हतं, माणसं निंघाले पाहिजेत म्हनीसन. तो खोटा कागद आठे शे, वाचता येई त्यानी वाचा."

कागद खाली फेकला. तो कुणीच उचलला नाही, कारण वाचता येणारे पुढच्या रांगेत नव्हतेच. आमच्या गावात वाचता येणारे मागं उभे राहतात आणि सगळ्यांत आधी निघून जातात.

टाळ्या पडतील असं मला कुठंतरी वाटत होतं. मेला तो स्वभाव! कुणी हूं केलं नाही. कचेरीचा शिपाई आला, त्यानं माझ्या हातातून भोंगा घेतला आणि मला ओट्यावरून खाली उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून माझं काम संपलं. पुढं त्यांनी एका शाळामास्तरला लावलं असं ऐकलं.

रस्त्यावर म्हातारा माझ्याजवळ आला. मी म्हटलं, "बाबा, माफ कर."

"मंग चाल," तो म्हणाला.

"कोठे?"

"गावले. तठे सांग."

मला वाटलं होतं, मी सांगून टाकलं, संपलं. त्यांच्या हिशेबी बाजारात सांगितलेलं कशातच जमा नव्हतं. ज्यांना शब्द दिला त्यांच्यासमोर सांगायचं. तापी उतरून आम्ही दोन दिवस चाललो. गावात सागाच्या झाडाखाली सगळे जमले, नऊ घरांच्या बाया पुढं. भोंगा नव्हता, पाटी नव्हती. जे झालं ते मी सांगितलं, म्हातारा एकेक वाक्य त्यांच्या बोलीत सांगत गेला. कारकून काय म्हणाले, ठेकेदार काय म्हणाला, ठिकाण गुप्त आहे. एका बाईनं माझ्या अंगावर माती फेकली. दुसरी रडली. मी उभा राहिलो.

मग म्हाताऱ्याच्या सुनेनं त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं ते अहिराणीत माझ्यापुढं ठेवलं. "ती इचारस, गाडीवालाले इचारं का?"



त्या बाईनं आयुष्यात आगगाडी दुरून पाहिली असेल. तिनं एवढाच विचार केला होता: गाडीनं नेलं, तर कुठं नेलं ते गाडीवाल्याला माहीत असणार. आणि मी, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पत्रकं लिहिणारा, सरकारची गुपितं फोडण्याच्या गोष्टी करणारा, मी कचेरीत गेलो, ठेकेदाराच्या झोपाळ्यापाशी गेलो, आणि वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तिकिटाच्या खिडकीवर गेलो नाही! मुद्दाम नाही, घाबरून नाही. सुचलंच नाही. मला भांडायला शत्रू हवा होता, माहिती नको होती.

परत आलो तेव्हा म्हातारा बरोबर होता. खिडकीतल्या बाबूला विचारलं. त्यानं वही उलटी चाळली, बोट ठेवलं आणि मान वर न करता पूर्वेकडच्या एका स्टेशनाचं नाव सांगितलं. दहा जणांचं एकत्र तिकीट, ठेकेदारासह. ज्या गुपितापायी नऊ घरं चूल पेटवताना दाराकडे बघत होती, ते गुपित बाबूच्या वहीत शाईनं लिहिलेलं होतं. "हे सांगायला हरकत नाही ना?" मी विचारलं. "कसली हरकत?" तो म्हणाला, "तिकीट काढायचंय का?"

आमच्या दोघांच्या तिकिटांची सोय कोरीटच्या आबांनी केली. त्याबद्दल ते मला बोलू देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या स्टेशनावर उतरलो. आणखी चार कोस चालल्यावर खडीचे ढीग आणि तंबू. लष्कराचं काम कधीच संपलं होतं. ठेकेदाराचा माणूस यांना न्यायला येणार होता, तो आला नाही. परतीचा पास त्याच्याकडे. मग दुसऱ्याच एका ठेकेदारानं यांना आपल्या खडीवर लावून घेतलं. तिथल्या मुकादमाला मी विचारलं, "यांनी घरी जायचं म्हटलं नाही?"

"रोज काहीतरी म्हणायचे," मुकादम म्हणाला. "कळणार कुणाला?"

त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की माझी मूठ वर गेली होती ती मीच खाली घेतली. म्हातारा मधे आला नसता तर कदाचित घेतली नसती. त्याचा मुलगा खडीच्या ढिगावर बसून होता, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. बापाला बघून तो उठला नाही. तो रडायला लागला, मोठ्यानं, पोरासारखा. बाकीचे आले. मी मोजले. आठ.

नववा तापानं गेला होता, होळीच्या आधीच. त्याला त्यांनीच पुरलं. कुणाला कळवायचं तर कसं कळवायचं, कुणाला सांगायचं, कोणत्या बोलीत? मी तिथं अजून उरलेल्या लष्करी कॅम्पातल्या साहेबापुढं उभा राहिलो आणि तोपर्यंत हललो नाही, जोपर्यंत पासावर सही झाली नाही. शिव्या त्यानं इंग्रजीत घातल्या, मी अहिराणीत. काम झालं.

नंदुरबारला गाडी सकाळी आली. फलाटावर म्हाताऱ्याच्या गावची माणसं बसलेली होती. म्हातारा आणि मी निघाल्यापासून ती आळीपाळीनं तिथं येऊन बसत होती, असं पुढं कळलं. आठ जण उतरले. म्हाताऱ्याची सून धावत आली, नवऱ्याचा हात हातात घेतला, बोटं बघितली आणि हात पदराखाली झाकला. बाकीची माणसं आपापल्या माणसांना चिकटली. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला चक्क वाईट वाटलं. एवढं होऊनसुद्धा मला कुणीतरी बघायला हवं होतं!

एक म्हातारी डब्याच्या दारापाशी उभी होती. आत वाकून तिनं बघितलं. आत चढली, बाकांखाली बघितलं, उतरली आणि शेजारच्या डब्याच्या दाराशी गेली. तिथंही बघितलं. आठ जण माना खाली घालून उभे.  गाडीनं शिटी दिली.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे मान वळवली. "सांग," तो म्हणाला.

मी तिच्याजवळ गेलो. "माय," मी म्हटलं, "तुन्हा पोऱ्या मरी गया. ताप व्हता. मी घर ई म्हनी सांगेल व्हतं, ते खोटं व्हतं."

 गाडी आमच्या बाजूनं निघून गेली तोवर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बाजारापुरत्या अहिराणीत तिनं विचारलं, "कोठे?"

मी त्या स्टेशनाचं नाव सांगितलं. तिनं ते म्हणून बघितलं. तिच्या जिभेला ते नीट येईना. मी पुन्हा सांगितलं, हळू, एकेक अक्षर सुटं करून, आणि तिला येईपर्यंत सांगत राहिलो.